हाँगकाँगचं तिकीट, साताऱ्याची आई

पत्र, थोडक्यात:

मी मूळची साताऱ्याची, दुबईत अकाउंट्समध्ये नोकरी करते. नवरा फिलिपिनो आहे, बातांगास प्रांतातला. तो इथेच फिजिओथेरपिस्ट आहे. आमच्या लग्नाला पाच वर्षं झाली. ती पाच भावंडं. थोरली बहीण, जिला सगळे 'आते' म्हणजे ताई म्हणतात, ५२ वर्षांची आहे आणि हाँगकाँगला घरकामाला आहे. एक दीर मिलानला, एक नणंद टोरांटोला, धाकटा दीर बायकोमुलांसह गावी सासूबाईंजवळ. दरवर्षी सगळं कुटुंब आठवडाभर परदेशात जमतं. आधी हाँगकाँगलाच जमायचे, मग बँकॉक झालं, व्हिएतनाममधलं दा नांग झालं. पुढच्या वर्षी जपान ठरतंय, कारण आतेंना बर्फ पाहायचा आहे. वर्गणी ऐपतीप्रमाणे. मागच्या वेळी आम्हा दोघांचा खर्च आणि धाकट्या दिराच्या घराचा आमच्यावर आलेला वाटा मिळून १८,००० दिऱ्हम गेले, म्हणजे चार लाख रुपयांच्या वर. त्यात कॉलेजात जाणाऱ्या पुतण्याला मनिलाच्या विमानतळावरच अडवलं, त्याचं तिकीट बुडालं. तिथे गेल्यावर सगळं बोलणं तागालोगमध्ये, जेवणात डुक्कर, रात्री दोनपर्यंत कॅराओके, आणि भेटल्या भेटल्या 'जाड झालीस!' माझे वडील नाहीत, आई साताऱ्यात एकटी असते. तिच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनला मी गेले नाही, कारण सुट्टी आणि पैसे दोन्ही बँकॉकला गेले होते. आतेंनी सगळ्या भावंडांना शिकवलं हे मला मान्य आहे. पण नवऱ्याचं एकच पालुपद: 'आतेला मी नाही म्हणू शकत नाही.' यंदापासून जायचंच बंद करावं असं मनात येतं. मी चुकतेय का?

उत्तर:

जायचं की नाही हे नंतर बघू. आधी तुमच्या पत्रातल्या एका वाक्याकडे पुन्हा बघा: 'सुट्टी आणि पैसे दोन्ही बँकॉकला गेले होते.' यूएईच्या कायद्याप्रमाणे वर्षभर नोकरी झालेल्याला ३० दिवसांची पगारी रजा असते, आठवडी सुट्ट्या धरून. बँकॉकचे जाऊन-येऊन दहा दिवस धरले, तरी वीस उरतात. ते कुठे गेले, हे पत्रात नाही. कंपनीने दिले नसतील, तुम्ही मागितले नसतील, किंवा 'पुढे कधीतरी लागतील' म्हणून राखून ठेवले असतील. मोतीबिंदूच्या वेळी आई फोनवर काय म्हणाली असेल याचा मात्र मला अंदाज आहे. 'एवढंसं तर ऑपरेशन, संध्याकाळी घरी सोडतात. त्यासाठी विमानाचा खर्च करून कशाला येतेस? शेजारच्या वहिनी आहेत ना.' आणि तुम्ही ऐकलंत. आपल्याकडच्या आया असंच बोलतात, मुली ते ऐकतात, आणि मग दोघीही वर्षभर ते मनाला लावून घेतात.

तुमच्या सासरी कारभार याच्या अगदी उलट आहे. तिथे मागतात, आणि उघड मागतात. ग्रुपवर तारखा पडतात, वर्गणीचा तक्ता येतो, टी-शर्टची मापं मागवली जातात, आणि बाकी कुणी कॅलेंडर उघडण्याआधीच तुमच्या वर्षातला एक आठवडा त्यांच्या नावावर चढलेला असतो. साताऱ्याने कधी तारीख मागितलीच नाही. मागणाऱ्याला मिळालं, आणि 'राहू दे' म्हणणारीचं राहून गेलं. हा हिशेब आतेंच्या नावावर टाकायच्या आधी जरा तपासून बघा. उद्या तुम्ही जाणं बंद केलंत तरी ते दहा दिवस आपोआप साताऱ्याला जातील, याची मला तरी खात्री वाटत नाही. आई तेव्हाही 'कशाला येतेस' म्हणेल.

म्हणून पहिली गोष्ट ही करा. वर्षातला एक पंधरवडा साताऱ्यासाठी आधी ठरवा. दिवाळी म्हणा, गणपती म्हणा, नाहीतर नुसतीच स्वस्त तिकिटांची तारीख. ऑफिसात अर्ज टाका, तिकीट काढा, आणि मग सासरच्या त्याच ग्रुपवर टाका: 'या तारखांना मी आईकडे आहे.' कारण सांगत बसू नका, परवानगीही मागू नका. ज्या घरात वर्षाचं नियोजन असं चारचौघांत होतं, तिथे आधी सांगितलेली तारीख मानली जाते. आईला विचारू नका, कळवा.

आता सहलीकडे येऊ. दरवर्षी परदेशात म्हटलं की आपल्याला ती चैन वाटते. पण ही प्रथा हाँगकाँगला सुरू झाली आणि बरीच वर्षं तिथेच राहिली, याचं कारण आतेंच्या नोकरीत आहे. आपला चाकरमानी गणपतीला कोकणात जातो, कारण गाव जागेवर असतं आणि मालक सुट्टी देतो. या घरात जिच्यामुळे सगळे उभे राहिले तीच जागची हलू शकत नव्हती, म्हणून गाव उठून तिच्याकडे गेलं.

तिकडचे नियम ऐका. परदेशातून आलेल्या घरकामगारांनी मालकाच्याच घरात राहायचं, ही २००३ पासून सक्ती आहे. आठवड्याला एक दिवस सुट्टी. पगारी वार्षिक रजा पहिल्या वर्षानंतर सात दिवस, ती नोकरीच्या वर्षांप्रमाणे वाढून जास्तीत जास्त चौदा. सरकारने २०२४ मध्ये ठरवलेलं किमान वेतन महिना ४,९९० हाँगकाँग डॉलर होतं. नोकरी सुटली तर साधारण दोन आठवड्यांत हाँगकाँग सोडायचं. आणि वीस-पंचवीस वर्षं काढली तरी कायमच्या वास्तव्याचा हक्क नाही. २०१३ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केलं. ज्या शहरात आतेंनी अर्धं आयुष्य काढलं, तिथे भावाला चहा पाजायला त्यांना स्वतःची खोली नाही. मग भेटायचं कुठे? हॉटेलात. खर्चाचं मूळ इथे आहे.

तुम्ही तिथे जमलात तेव्हा एखादा रविवार सेंट्रल भागात नक्की गेला असेल. चेटर रोड त्या दिवशी गाड्यांना बंद असतो. उलगडलेले पुठ्ठे जमिनीवर अंथरलेले, चपला कडेला ओळीने काढून ठेवलेल्या, मधे भाताचे डबे आणि पत्ते. एक दुसरीची नखं रंगवतेय, एक फोनवरच्या मुलाचा अभ्यास घेतेय, आणि एक गुडघ्यांवर बसून गावी पाठवायचं खोकं भरतेय: साबण, टॉवेल, टूथपेस्ट, डबाबंद मांस, चॉकलेटं. बोटीने जाणाऱ्या या खोक्याचे पैसे वजनावर नाही, आकारावर असतात. म्हणून बुटांच्या आतसुद्धा मोजे कोंबायचे आणि मोज्यांत चॉकलेटं. तुमच्या नवऱ्याच्या फिजिओथेरपीच्या शिक्षणाची फी अशाच एका पुठ्ठ्यावर बसून पाठवली गेली असणार. फिलिपिन्समध्ये हे घराघरातलं आहे. १९७४ च्या कामगार कायद्यापासून तिथल्या सरकारने माणसं परदेशी कामाला पाठवणं हे धोरणच केलं, आणि २०२४ मध्ये बाहेरच्यांनी बँकांतून घरी पाठवलेली रक्कम ३४ अब्ज डॉलरच्या वर गेली.

आतेंनी केलेलं जे भावंडांच्या अंगावर राहतं, त्याला तिकडे 'ऊतांग ना लोओब' म्हणतात, फिटता न फिटणारं उपकाराचं ऋण. तुमचा नवरा आतेंना घाबरतो असं तुम्हाला वाटतंय. मला वाटतं, तो बांधलेला आहे. तुम्ही 'तिला नाही म्हण' म्हणता, आणि त्याला ऐकू येतं 'तिने केलेलं विसर.' मग तो गप्प बसतो आणि तुम्ही चिडता. या ऋणाचा जाच होतो असं तिकडची तरुण मंडळी हल्ली उघड बोलतात, तेव्हा तुमचं वाटणं अगदीच परकं आहे असं समजू नका. फक्त ते परक्या घरातून आलेल्या सुनेने बोललं तर वेगळं ऐकू जातं.

म्हणून त्याच्याशी बोलताना 'नाही'चा विषयच नको. त्याला विचारा: आतेंना काय हवंय? बावन्नाव्या वर्षी, आणखी काही वर्षांनी गावी परतायचं असलेल्या बाईला? फिलिपिन्सची सरकारी सामाजिक सुरक्षा योजना आहे, एसएसएस. २०१८ च्या कायद्याने परदेशात काम करणाऱ्यांनाही ती सक्तीची झाली. तिचं पेन्शन मिळायला किमान १२० मासिक हप्ते भरलेले लागतात. आतेंचे किती भरलेत? मला शंका आहे की पाचांपैकी कुणालाच माहीत नसेल. जी दुसऱ्यांच्या फिया भरते, तिचे स्वतःचे हप्ते मागे राहतात, हे कुठल्याही देशात बघायला मिळतं. अगदी शून्यापासून सुरुवात केली तरी तिच्या वयाला दहा वर्षांचे हप्ते अजून बसतात. सहलीच्या वर्गणीतला एक भाग दरवर्षी तिकडे वळवा, असं तुमच्या नवऱ्याने सुचवलं तर त्याला कुणी कृतघ्न म्हणणार नाही. उलट, इतकी वर्षं ही गोष्ट कुणी काढली कशी नाही, असं मिलान आणि टोरांटोला वाटेल.

आता सासरची चूकही सांगते, नाहीतर मी तुम्हालाच शहाणपण शिकवतेय असं वाटेल. आतेंसाठी हाँगकाँगला जमणं समजू शकतं. पण बँकॉक आणि दा नांगला आतेही विमानानेच आल्या. म्हणजे मूळ कारण केव्हाच सुटलं आणि आठवडा तेवढा उरला, दरवर्षी थोडा अधिक महाग होत. आणि 'ऐपतीप्रमाणे' हा शब्द ऐकायला गोड असला तरी तुमची ऐपत ग्रुपवर कोण ठरवतं? दुबईला आहे म्हणजे पैसा आहे, असं गृहीत धरलं जातं. पुण्या-मुंबईच्या घरांतही परदेशातल्या मुलाबद्दल हेच धरतात, तो भाग सोडा. तुम्ही उत्तर आकड्याने द्या. तक्ता येण्याआधी दोघांनी बसून वर्षाची एक रक्कम ठरवायची, आणि नवऱ्याने कळवायचं: 'यंदा आमच्याकडून एवढे. कशावर खर्च करायचे ते तुम्ही ठरवा.' वाटा मागितला की घासाघीस होते, आणि ती दरवेळी तुमच्याच अंगावर येते. रक्कम आधीच सांगितली की बोलणी तिथून पुढे सुरू होतात.

माझ्या मते खरी वाट आतेंच्या करारातच आहे. हाँगकाँगमधला घरकामगारांचा ठरावीक करार दोन वर्षांचा असतो. तो संपला की गावी जायचं तिकीट मालकाने द्यायचं, आणि त्याच मालकाकडे नवा करार झाला तरी मधे घरी जाऊन यायची तरतूद असते. म्हणजे दर दोन वर्षांनी आते बातांगासला येतात, आपल्या खिशाला हात न लावता. मग त्या वर्षीची भेट गावी का नको? सासूबाईंना प्रवास नाही, धाकट्या दिराच्या घरादाराची तिकिटं नाहीत, पुतण्याला विमानतळावर कुणी अडवायचा प्रश्न नाही. तुम्हालाही अडचण नाही: जून २०२५ पासून भारतीय पासपोर्टवर फिलिपिन्सला पर्यटनासाठी १४ दिवस व्हिसाशिवाय जाता येतं, निघण्याआधी नियम पुन्हा तपासा, परतीचं तिकीट आणि राहण्याचा पत्ता जवळ ठेवा. मधल्या वर्षी हाँगकाँग, आठवडाभर नाही, एक रविवार मधे धरून चार दिवस. जमेल त्याने यावं. दोन वर्षांचा खर्च निम्म्यावर येईल असा माझा अंदाज आहे, आणि भेटी तेवढ्याच राहतील.

यावर एक आक्षेप येईल: गावी गेलं की सगळं गाव जमतं, आणि प्रत्येकासाठी भेटवस्तू न्यावी लागते. खरं आहे. परदेशातून रिकाम्या हाताने येणं तिकडे शोभत नाही. मिलानच्या दिरालाही हॉटेल परवडेल पण चुलत-मावसभावंडांची रांग परवडणार नाही, असं वाटू शकतं. त्यासाठी पाचही भावंडांनी मिळून एकच सामायिक खोकं आधी बोटीने पाठवायचं, आणि वैयक्तिक काही न्यायचं नाही असं ठरवायचं. हे आतेंनी सांगितलं तरच चालेल. दुसऱ्या कुणी सांगितलं तर कंजूषपणा ठरेल.

आणि जपान? आतेंना बर्फ बघायचा आहे, तर बघू द्या. पण बर्फ दाखवायला सगळं खानदान लागत नाही. फिलिपिनो पासपोर्टला जपानचा व्हिसा लागतो. धाकट्या दिराच्या घरातल्या प्रत्येकाचा वेगळा अर्ज, आणि त्यातला एक जरी नाकारला गेला तर पुतण्याच्या तिकिटाची कथा पुन्हा. चौघा भावंडांनी वर्गणी काढून आतेंना, आणि हवं तर सोबतीला टोरांटोच्या बहिणीला, हिवाळ्यात होक्काइदोला पाठवावं. ऋणच फेडायचं असेल तर यात ते जास्त फिटतं. आजवर प्रत्येक सहलीत त्या सगळ्यांची सोय बघत असणार. एकदा तरी त्यांनी नुसतं प्रवासी म्हणून जावं.

हे सगळं बोलायचं कुणी? तुमच्या नवऱ्याने. आणि ग्रुपवर नाही, आतेंना एकट्याने फोन करून, रविवारी. चारचौघांत थोरलीचा बेत मोडला तर तिचा मान जातो, आणि मग पटलेलंही पटत नाही. तुम्ही शेजारी बसलात तर हरकत नाही, पण बोलू नका. त्याने सुरुवात खर्चाने करू नये. 'आते, तू गावी कायमची कधी येणार आहेस?' इथून करावी. पुढचे सगळे विषय त्या उत्तरातून आपसूक निघतात.

पुतण्याबद्दल, कारण हा प्रसंग इतरही वाचकांवर येतो. नातेवाइकाच्या खर्चाने पहिल्यांदा परदेशी निघालेल्या माणसाला मनिलाला इमिग्रेशनचे अधिकारी कसून विचारतात. माणसांच्या तस्करीला आळा घालायचा म्हणून हे नियम आहेत, त्रास मात्र साध्या पोरांना होतो. खर्च करणाऱ्याने आपल्या देशातल्या फिलिपिन्सच्या दूतावासातून किंवा वकिलातीतून हमीपत्र करून घ्यायचं असतं, आणि नातं सिद्ध करणारे जन्मदाखले सोबत द्यायचे असतात. काका-पुतण्याचं नातं त्यात बसतं. त्याबरोबर परतीचं तिकीट, हॉटेलचं बुकिंग, कॉलेजचं ओळखपत्र आणि दाखला. हे सगळं कागदावर छापून. फोनची बॅटरी नेमकी तिथेच संपते. आणि मूल अल्पवयीन असून आईवडिलांशिवाय निघत असेल तर समाजकल्याण खात्याची वेगळी परवानगी लागते.

राहिलं ते परकेपण. 'जाड झालीस' यावर मी फार वेळ घालवणार नाही. ते तिकडे 'कशी आहेस'च्या जागी म्हणतात, आणि साताऱ्यातल्या लग्नात तुमच्या मावश्या काय म्हणतात ते तुम्हाला माहीतच आहे. फार लागलं तर नवऱ्याला सांगा, तो सगळ्यांना सांगेल. भाषेचं दुखणं मात्र खरं आहे, आणि तिथे नवरा कमी पडतोय. आठवडाभर प्रत्येक विनोदावर नुसतं हसायचं, म्हणजे थकवा येणारच. पाच वर्षांत तुम्ही किती तागालोग शिकलात आणि त्याने किती मराठी, हे पत्रात नाही, तेव्हा त्यावर मी बोलत नाही. एक करून बघा: स्वयंपाकघर असलेली जागा घ्यायला लावा आणि एका दिवसाचं जेवण तुमच्याकडे घ्या. त्यांचं सिनिगांग, म्हणजे आंबट सार, बहुधा चिंचेनेच आंबट करतात. चिंचगुळाची आमटी आणि भात त्या टेबलावर अजिबात परका वाटणार नाही. भाजून आणलेलं अख्खं डुक्कर असेना का टेबलाच्या दुसऱ्या टोकाला. स्वयंपाकघरात बोलणं कमी लागतं, आणि दोन नणंदा मदतीला आल्या की तागालोगही आपोआप कानावर पडतं. कॅराओकेत गायलाच हवं असं नाही, पण नऊ वाजता खोलीत जाऊन दार लावणं त्या घरात रुसवा समजला जातो. अकरापर्यंत बसा, मग उठा.

एवढं करूनही जपानचाच बेत कायम राहिला, तर? तर त्या वर्षी नवऱ्याला एकट्याला जाऊ द्या. ठरलेली रक्कम द्या, त्यात काटछाट करू नका, सासूबाईंसाठी आणि आतेंसाठी तुमच्या हातची भेट पाठवा, आणि न येण्याचं कारण खरं सांगा: आईकडे जायचंय. आजारपणाचं निमित्त काढू नका, पाच देशांतून औषधांचे सल्ले येतील. म्हातारी आई एकटी आहे, म्हणून मुलगी तिच्याकडे गेली, हे कारण कुठल्याही फिलिपिनो घरात दुसऱ्यांदा समजावून सांगावं लागत नाही. एका वर्षाने काही तुटत नाही. पुढच्या करारसुट्टीला आते गावी येतील तेव्हा मात्र जा, आणि जमलं तर आईला सोबत घ्या. दोन विहिणी लग्नानंतर भेटल्या आहेत की नाही, तुम्ही लिहिलेलं नाही. पासपोर्ट नसेल तर आईचा अर्ज साताऱ्याच्या त्या पंधरवड्यातच भरून टाका.